चिंचदरची माती

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मी नसेन, म्हणून आधी ओळख सांगतो. मी पाटा. काळ्या दगडाची जाड, लांबट शिळा; जिच्यावर मिरची, लसूण, दाणे ठेवून दगडी वरवंट्याने वाटतात, ती. माझे आता वय झाले आहे. मधला भाग झिजून खोलगट झाला आहे आणि एक कोपरा उडालेला आहे. जळगावात मेहरूण तलावाजवळ एक लहानसे घर आहे. त्याच्या ओसरीवर मी असतो, आणि माझ्यावर मसाला नाही, माती वाटली जाते. हे कसे झाले ते सांगतो.

साक्री तालुक्यात चिंचदर नावाचे गाव होते. होते म्हणतो, कारण ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे. गावाच्या वरच्या अंगाला टेकडी होती आणि मी त्या टेकडीचाच एक भाग होतो. झिपरू पाथरवटाने मला तिच्यातून वेगळे केले. तो आधी दगडावर हातोडीने हलकेच ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. आवाज भरीव आला तरच छिन्नी लावायचा. त्याने मला घडवले, आणि उरलेल्या तुकड्यातून माझा वरवंटाही काढला. आम्ही दोघे एकाच शिळेचे. एकमेकांवर घासताना आमचा जो आवाज यायचा, तसा पुन्हा कुठल्या दगडाशी जुळला नाही.

आम्हाला बेबाबाईने घरी नेले. तिचे घर गावाच्या टोकाला, बौद्ध वस्तीत होते. मातीच्या भिंती, दोन खोल्या, पुढे सारवलेले अंगण. बेबाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जायची. जाण्याआधी ती माझ्यावर हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाण्याचा ठेचा वाटायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर ठेवायची आणि फडक्यात बांधून निघायची. तिची मुलगी पार्वता समोर उकिडवी बसून वाट पाहत असे. वाटण काढून झाले की माझ्या कडेला राहिलेले ती बोटाने पुसून खायची, तिखट लागून डोळ्यांत पाणी यायचे, तरी पुन्हा बोट पुढे करायची. तिचा धाकटा भाऊ सुकदेव तिला हसायचा.

चौदा एप्रिलला सगळी वस्ती एकत्र जेवायची. त्या दिवशीचा मसाला माझ्यावरच वाटला जाई. बायका आळीपाळीने बसत, गाणी म्हणत, आणि बेबाबाईचा पाटा लोण्यासारखं वाटतो असे म्हणत. दगडाला स्तुतीचे काय, असे तुम्हाला वाटेल. पण मला ते ऐकायला आवडायचे.

मग धरण आले. आधी नुसते बोलणे होते, मग माणसे येऊन खुणा करून गेली, मग एका उन्हाळ्यात गाव उठवायचे ठरले. नवे गावठाण दूर माळावर दिले होते. पार्वताचे तोवर लग्न झाले होते आणि ती धुळ्याला राहत होती. बेबाबाईने तिला निरोप धाडून बोलावले. ती आली तेव्हा घराची कौले उतरवून झाली होती. बेबाबाईने मला उचलून अंगणात ठेवले आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, “घर काही उचलीसन लई जाता येत नही, पोरी. हाऊ पाटा तू लई जाय.”

पार्वताने मला वरवंट्यासकट पोत्यात गुंडाळले. गावचा ट्रक गावाखालच्या नाल्यातून जाताना असा हिसका बसला, की वरवंटा पोत्यातून निसटून फळीच्या फटीतून खाली घसरला. मला कळले, पण मी सांगणार कसा? धुळ्याला पोत्याची गाठ सुटली तेव्हा मी एकटाच निघालो. त्या पावसाळ्यात पाणी चढले. टेकडी तेवढी उरली, असे मी नंतर ऐकले.

बेबाबाई नव्या गावठाणात फार वर्षे जगली नाही. सुकदेव सांगायचा, की ती रोज संध्याकाळी धरणाच्या बाजूला तोंड करून बसे. काय पाहतेस विचारले, तर म्हणे, काही नाही, ‘पाणी शे’, म्हणजे पाणी आहे.

धुळ्यात पहिली काही वर्षे मी कामात होतो. पार्वताबाईंनी नदीतला एक गोल दगड वरवंटा म्हणून आणला. पुढे घरात मिक्सर आला. मला मोरीजवळ नळाखाली टाकले. तिथे माझ्यावर पाय धुतले जाऊ लागले. पार्वताबाईंचे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, पण मुलीला शिकवायचे म्हणून पार्वताबाई बांधकामावर जाऊ लागल्या. दिवसभर डोक्यावरून माती आणि रेती वाहायची. घरी आल्या की आधी माझ्यावर टाच ठेवून घासत. भेगांतली माती निघेपर्यंत घासत, मग दुसरी टाच. लहानगी वृषाली दारात बसून बघायची. पार्वताबाई तिला सांगत, की तुझ्या पायाला ही माती लागू द्यायची नाही. मी ते इतक्या वेळा ऐकले, की मलाही ते खरे वाटू लागले.

वृषाली चित्रकला शिकली. आईला वाटले, शाळेत चित्रकलेची शिक्षिका होईल, स्वच्छ साडी नेसून खुर्चीवर बसेल. ती झालीही, जळगावला. मेहरूणला भाड्याचे घर घेतले. पण शाळेबाहेरचा सगळा वेळ तिचा भलत्याच कामात जाऊ लागला. दुकानातले रंग तिने सोडून दिले. मुरमाची तांबडी माती, शेतातली काळी, नदीकाठची पिवळसर, पाने, काटक्या, करवंट्या, यांतून ती चित्रे करी. कधी कागदावर, कधी सरळ जमिनीवर.

एकदा ती धुळ्याला आली आणि तिने मला नळाखालून काढले. ब्रशने घासून कोरडे केले, हात फिरवला आणि आईला म्हणाली, की माती वाटायला मला हाच हवा. पार्वताबाई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले.

“मी मातीत राबून तुला मातीतून बाहेर काढलं,” त्या म्हणाल्या, “आणि तू पुन्हा तिच्यातच हात घालतेस. वर माझ्या मायच्या पाट्यावर?”

वृषालीने समजावण्याचा प्रयत्न केला. ही माती कुणा दुसऱ्याची नाही, कुणी लादलेली नाही, मी माझ्या मनाने हातात घेते, असे काहीसे ती म्हणाली. पार्वताबाई पुन्हा भाकरी थापू लागल्या. पण वृषाली मला रिक्षात ठेवू लागली तेव्हा त्यांनी अडवले नाही. त्या दिवसापासून मायलेकींचे फोन चालू राहिले, जेवलीस का, पाऊस झाला का, इतपत. चित्रांबद्दल त्या विचारत नसत, आणि वृषाली सांगत नसे.

खरे सांगतो, आधी मलाही अपमान वाटला. लसूण-खोबऱ्याच्या जागी माती! वृषाली ती उन्हात वाळवायची, कापडातून गाळायची, पाणी आणि भिजवलेला बाभळीचा डिंक घालून माझ्यावर वाटायची. पहिल्यांदा कचकच व्हायची, मग हळूहळू आवाज मऊ होत जायचा, आणि शेवटी माझ्यावर साईसारखा रंग पसरायचा. तो रंग मी ओळखत होतो. टेकडीत होतो तेव्हा माझ्या अंगाखांद्यावर हेच तर होते. माझा राग फार दिवस टिकला नाही.

ती तलावाच्या काठावर जाऊन पानांची मोठमोठी वर्तुळे मांडायची. फिरायला येणारी माणसे थांबायची. कुणी फोटो काढायचे, कुणी विचारायचे, की वारा आला की हे जाणार, मग करायचे कशाला? वृषाली पुढचे पान मांडायची. वारा यायचा आणि खरेच सगळे जायचे. घरी येऊन ती माझ्याजवळ नुसती बसून राही. मला वाटे, हिला काहीतरी हवे आहे आणि ते तिला सापडत नाही.

शेजारी सायरबाई राहत. वयाने फार मोठ्या, राजस्थानातून लग्न होऊन खानदेशात आलेल्या. मुलाचे आणि नातवाचे कापडाचे दुकान. दुपारी त्या ओसरीवर येऊन वृषालीचे हात चालताना बघत. चित्र कसले आहे हे त्यांनी कधी विचारले नाही. एवढेच म्हणत, की ओल्या मातीचा वास आला म्हणून आले.

मग एक वर्ष पाऊस फार कमी झाला. उन्हाळ्यात धरण आटत गेले. एक दिवस सुकदेवमामांचा फोन आला, की चिंचदर उघडे पडले आहे, घरांची जोती दिसतात. वृषालीने लगेच आईला फोन केला. आपण दोघी जाऊ, असे तिने फार विनवले. पलीकडून पार्वताबाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही, पण वृषालीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ती म्हणते, मेलेल्याचं तोंड पुन्हा पुन्हा बघू नये.”

ती एकटीच गेली. परत आली ती दोन पोती घेऊन. पोत्याचे तोंड सोडले आणि मित्रांनो, तो वास आला. पाण्याखाली इतकी वर्षे राहिलेल्या मातीला कुबट वास यायला हवा, आणि तो होताच. पण त्याच्या आत आणखी एक वास होता, सारवणाचा आणि विझलेल्या चुलीचा. कदाचित तो मलाच आला असेल. तिने पोती रिकामी केली. मी वाट पाहत होतो. मातीतून खडे निघाले, शंख निघाले, खापराचा एक तुकडा निघाला. वरवंटा निघाला नाही. एवढ्या मोठ्या धरणात तो निघेल अशी आशा करणे वेडेपणाचे होते, पण मी ती केली होती.

वृषाली ती माती वाटत बसली. आधीच्या मात्यांपेक्षा ही वेगळी होती. फार बारीक, जवळजवळ लोण्यासारखी, आणि राखाडी रंगाची. मामांनी तिला आजीच्या घराचे जोते दाखवले होते. तिने त्याची लांबी-रुंदी दोरीने मोजून आणली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शाळेचा हॉल रिकामा होता, तो तिने मागून घेतला आणि त्याच्या फरशीवर चिंचदरच्या मातीने बेबाबाईचे घर आखले. लहान करून नाही, होते तेवढेच. भिंतींच्या जागी मातीचे जाड पट्टे, दाराच्या जागी मोकळी फट, पुढे अंगण. अंगण तिने पातळ मातीने हाताने सारवले. आणि चुलीच्या बाजूला, जिथे मी पूर्वी असायचो असे मामांनी सांगितले होते तिथे, मला ठेवले.

भिंती नव्हत्या, कौले नव्हती. तरी मी घरी होतो.

लोक आले. जळगावच्या शाळांतली मुले आली, तिच्यासोबत शिकवणाऱ्या बाई आल्या, तलावावर भेटणारी काही माणसे आली. वृषालीने कुठे काही लिहून लावले नव्हते. एक कॉलेजातला मुलगा पट्ट्याबाहेरून फिरत फिरत म्हणाला, की एवढंसंच घर? त्याच्या मित्राने सांगितले, की आमचं अमळनेरचं घर एवढंच होतं, त्यात आम्ही सात जण झोपायचो. आणि तो मित्र बराच वेळ पुढे गेला नाही. एका बाईंना काही आवडले नाही. हॉल घाण केला, असे त्या जाताना म्हणाल्या. त्याही खरेच बोलत होत्या. एक गृहस्थ निघता निघता परत आले, चपला काढल्या आणि अंगणाच्या कडेशी नुसते उभे राहिले. मी कितीतरी जेवणावळी पाहिल्या आहेत, माणसे काय खाऊन तृप्त होतात ते मला माहीत आहे. पण नुसती माती पाहून माणसे अशी हळवी होताना मी प्रथमच पाहत होतो.

वृषाली मात्र दाराकडे बघत असे. ती एकाच माणसाची वाट पाहत होती.

सुट्टी संपत आली, तेव्हा एका दुपारी सुकदेवमामा आले. त्यांच्या मागे पार्वताबाई होत्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, धुळ्याहून एसटीने आल्यामुळे चेहरा उन्हाने तापलेला. वृषाली पुढे झाली, पण मामांनी तिला हाताने थांबवले.

पार्वताबाईंनी चपला काढल्या. अंगणाशी आल्या, खाली पाहिले आणि थबकल्या. मग अंगण ओलांडून, जिथे पट्ट्यांत फट सोडली होती तिथे आल्या, आणि आत पाऊल टाकताना वाकल्या.

त्या घराचे दार बुटके होते, मित्रांनो. बेबाबाईसुद्धा वाकून आत यायची. नवीन माणसाच्या कपाळाला चौकट हमखास लागायची. हे वृषालीला ठाऊक नव्हते. तिने तर नुसते जोते पाहिले होते. हॉलमध्ये दार नव्हते, चौकट नव्हती, वर फक्त पंखा फिरत होता. आणि तरीही पार्वताबाई मान खाली घालून, एक हात डोक्यावर धरून आत आल्या, आणि आत आल्यावर सरळ झाल्या.

त्या चुलीच्या जागेपाशी आल्या. मला पाहिले. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, लहानपणी बसायच्या तशाच, आणि माझ्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाल्या, “माय, मी उनू.” मी आले, एवढेच.

मग त्या रडल्या. गाव उठले तेव्हा रडल्या नव्हत्या, बेबाबाई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. वृषाली जवळ येऊन बसली. नंतर पार्वताबाई लेकीचे हात हातात घेऊन बघत राहिल्या. नखांत, रेषांत माती भरली होती. त्यांनी पदराच्या टोकाने ती पुसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. “राहू दे,” म्हणाल्या. “ही आपलीच शे.”

मग त्या सांगू लागल्या. भिंतीत कोनाडा कुठे होता, पावसात कुठे गळायचे, सुकदेव कुठे पडला होता. वृषाली ऐकत होती. आई तिच्याशी इतके कधी बोललीच नव्हती.

त्या दिवशी सायरबाईही नातवाचा, मननचा हात धरून आल्या होत्या आणि कडेला खुर्चीवर बसून हे सगळे पाहत होत्या. मला वाटले त्यांना कळत नसेल. पण उठताना त्यांनी मननला विचारले, की आपल्या गावाची रेती कुणी आणून देईल का? कुठल्या गावाची, असे त्याने विचारले. त्याच्या लेखी त्यांचे गाव जळगावच होते. त्यांनी एका गावाचे नाव घेतले, आणि मनन म्हणाला, की हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकतो आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर हॉल रिकामा करावा लागला. मायलेकींनी मिळून माती खरवडून पोत्यांत भरली. ती परत चिंचदरला न्यायची, असे पार्वताबाईंनी ठरवले. मलाही नेले. टेम्पोतून उतरवून मला टेकडीच्या पायथ्याशी ठेवले. मी तिला कितीतरी वर्षांनी पाहत होतो. झिपरूने जिथून मला काढले ती खाच अजून तशीच होती, तिच्यात गवत उगवले होते. खाली जोती होती, आणि एक-दोन पावसांत पाणी त्यांच्यावर चढणार होते. पार्वताबाईंनी माती ओंजळीने घरच्या जागेवर पसरली.

सुकदेवमामा म्हणाले, की अक्का, पाटाही इथेच ठेवू, मायचा आहे. मी श्वास रोखला, दगडाला रोखता येतो तेवढा. त्या नाल्यात कुठेतरी माझा वरवंटा होता. मला राहायचे होते का? हो, राहायचे होते. आज विचाराल तरी हो म्हणेन.

पार्वताबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “इथं आता कुणाला काय वाटून हवंय? पोरीला लागतो तो.” आणि त्यांनीच मला उचलून टेम्पोत ठेवले.

त्यानंतर पाऊस चांगला झाला. चिंचदर पुन्हा दिसलेले नाही. पार्वताबाई आता महिन्यातून काही दिवस मेहरूणला येऊन राहतात. लेकीने काढलेले सगळेच त्यांना आवडते असे नाही. पानांची वर्तुळे त्यांना अजून पटत नाहीत आणि त्या तसे स्पष्ट सांगतात. पण सकाळी ओसरीवर बसून माती त्याच वाटतात. सायरबाईंची रेती मागच्या हिवाळ्यात आली. ती वाटली जाईना, टणक होती, माझ्यावर तिने चरे पाडले. तेव्हा वृषालीने ती वाटायचे सोडून एका थाळीत तशीच पसरली. सायरबाई बोटाने तिच्यावर काहीबाही रेघा काढत बसतात आणि मननला त्यांच्या विहिरीची गोष्ट सांगतात.

इतर लोकही माती घेऊन येऊ लागले आहेत. कुणाचे शेत रस्त्यात गेले, कुणाची वस्ती हलली, कुणी नुसतेच फार दूर येऊन पडले. पुडीतून, डब्यातून, रुमालाच्या गाठीतून ते मूठभर काहीतरी आणतात आणि जरा संकोचाने माझ्यावर ठेवतात.

मित्रांनो, मी आता फार पातळ झालो आहे. वाटताना दगड झिजतो, आणि झिजलेला दगड वाटणात मिसळतो. पूर्वी माणसांच्या पोटात गेलो, आता चित्रांत जातो आहे. एक दिवस मधोमध तडकेन, त्याचे मला वाईट वाटत नाही. वाटते ते एवढेच, की बेबाबाई रोज संध्याकाळी पाण्याकडे बघत बसायची, तेव्हा तिच्याजवळ बसून, तुझं घर कसं होतं, असे कुणी विचारले नाही. सगळ्यांना वाटले, तिला त्रास होईल.

तुमच्या घरातही कुणीतरी असे बघत बसत असेल. त्यांच्याजवळ जा. दार कुठे होते, अंगणात काय होते, पाणी कुठून आणायचे, एवढेच विचारा. आणि ते सांगू लागले, की मध्येच उठू नका.